मस्तक आढळले

इचलकरंजीच्या पुढचा तो रस्ता शटलवाल्यांचा होऊन चार वर्षे झाली होती. चालक नसलेल्या, विजेवर धावणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्या दर दहा मिनिटांनी फाट्याफाट्यावर थांबत, दारे उघडत, मिटत आणि माणसांना कागलच्या औद्योगिक वसाहतीत अलगद नेऊन सोडत. धूळ नाही, धक्का नाही, भाडे चहाच्या कपाइतके. अशा काळात कुरुंदवाडहून रोज पस्तीस किलोमीटर मोटारसायकल हाकत कामावर जाणारा माणूस लोकांना एक तर हट्टी वाटे, नाही तर जुन्या वळणाचा. सन्मती चौगुले या दोहोंपैकी काहीच नव्हता. तो लाजाळू होता.

शटलला चालक नसल्यामुळे तिला पुढे-मागे असे काही उरलेच नव्हते. आसने समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. अनोळखी चेहऱ्यासमोर आपला चेहरा तासभर धरून बसायचे, या कल्पनेनेच सन्मतीच्या तळव्यांना घाम फुटे. अर्थात हे कारण तो कोणाला सांगत नसे. सांगायचे कारण वेगळे होते आणि तेही खोटे नव्हते. त्याच्या आईचा नेम होता, सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आणि दुसरा, न बोललेला नेम असा, की मुलाच्या आधी जेवायचे नाही. वडील गेल्यापासून घरात दोनच ताटे वाढली जात. हिवाळ्यात पाचला कंपनी सुटली की मोटारसायकल सहाच्या आत त्याला दारात आणून सोडी आणि मायलेक उजेड असता जेवत. शटलने इचलकरंजीला गाडी बदलून यायला पावणेसात होत. तेवढ्या पाऊण तासात आईची रात्र उपाशी जाणार, हे गणित सरळ होते.

तिसरे कारण मात्र तो स्वतःलाही सांगत नसे. ते रेंदाळच्या फाट्यावर उभे राही.

प्रणोती माळी त्याच कंपनीत यंत्रांचे प्रोग्रॅम लिहीत असे. सन्मती मोजमाप विभागात होता. गिअरचा एकेक दात गेजने सहस्रांश मिलिमीटरपर्यंत तपासायचा, हे त्याचे काम. दोघांच्या खोल्यांमध्ये एक काच होती आणि दोन वर्षांत त्या काचेपलीकडे तो एकदाही नीट पाहू शकला नव्हता. आश्विनात एका सकाळी शटलची यंत्रणा बंद पडली, फाट्यावर गर्दी झाली आणि त्या गर्दीतून एक हात वर आला. "ओ गेजवाले, थांबा की. आपल्याच कंपनीत चाललाय न्हवं?" एवढे बोलून ती मागे बसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी शटल सुरळीत झाली होती. तरी ती फाट्यावर उभी होती, आणि या खेपेला तिच्या हातात स्वतःचे हेल्मेट होते.

मग पाच महिने ती बारा किलोमीटर सन्मतीच्या आयुष्यातली सर्वांत बोलकी जागा ठरली. कारण मोटारसायकलवर कोणी कोणाकडे पाहत नाही. समोर रस्ता, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, गुऱ्हाळांचा गोड धूर, आणि पाठीमागे ऐकणारे कोणीतरी. तो बोलू लागला. वडिलांच्या आजारपणाविषयी, मोजमापाच्या खोलीतल्या शांततेविषयी, मनात वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेल्या कितीतरी गोष्टींविषयी. कंपनीच्या फाटकात ती उतरली की दोघेही पुन्हा अनोळखी होत. "जाते," ती म्हणे. तो मान हलवी.

माघातल्या एका सोमवारी या सगळ्याला तडा गेला, आणि तो एका हेल्मेटने दिला.

त्या हेल्मेटला लोक जाणते हेल्मेट म्हणत. विमा कंपन्यांच्या आग्रहाने तीन वर्षांपूर्वी ते सक्तीचे झाले होते. परवान्याशी जोडलेले हेल्मेट हाताच्या अंतरावर असल्याखेरीज मोटारसायकल सुरूच होत नसे. आतल्या गाद्यांना ऊब आणि दाब जाणवला, की ते डोक्याच्या हालचाली टिपू लागे. हेतू एवढाच होता, की अपघात झाला तर कारण कळावे. पण लाखो डोक्यांच्या नोंदी साठल्यावर संशोधकांना त्यात एक वेगळीच गोष्ट वाचता आली.

माणसाच्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन इवल्याशा नळ्या असतात. डोके जरा कलले की तो द्रव हलतो, मेंदूला खबर जाते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत मान स्वतःला सावरते. खड्ड्यात चाक गेले, मानेने उत्तर दिले, असा तो अखंड संवाद असतो. ज्यांना सहा-सात वर्षांनी कंपवात होणार असतो, त्यांच्या मानेचे उत्तर आजच केसभर उशिरा येते, आणि त्या उत्तरात सेकंदाला पाचेक वेळा होणारी एक बारीक थरथर मिसळलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, रुग्णालाही जाणवत नाही. प्रयोगशाळेत ती शोधायची तर रुग्णाच्या मानेला मुद्दाम हजारो धक्के द्यावे लागले असते. आपल्याकडच्या रस्त्यांनी ते काम विनामूल्य पत्करले होते. इतक्या लवकर निदान झाले तर औषधांनी आजाराची चाल पुष्कळ मंदावते, हे सिद्ध झाल्यावर शासनाने नियमच केला: संशय आला की हेल्मेटने कळवायचे.

सन्मतीच्या फोनवर आलेला मजकूर असा होता: 'आपल्या मस्तकस्थैर्याच्या नोंदींत गेले अकरा आठवडे सातत्याने दोष आढळत आहे. एकवीस दिवसांच्या आत मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत आपणास एकट्याने वाहन चालविता येईल. मागील आसनावर प्रवासी नेण्यास मनाई आहे.'

त्याने तो मोजमापाच्या खोलीत उभ्या-उभ्या वाचला. मग गेज उचलले आणि एक दात मोजला. तोच दात पुन्हा मोजला. दोन आकड्यांत दोन सहस्रांशाचा फरक होता. असा फरक त्याच्या हातून सहा वर्षांत पडला नव्हता. आपलाच हात आपल्याला परका वाटावा, हे त्याच्या बाबतीत त्या क्षणी घडले. काचेपलीकडे प्रणोती कोणाशी तरी हसून बोलत होती आणि पहिल्यांदाच तो तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. एखादे गाव कायमचे सोडताना माणूस पाहतो तसा.

त्याच्या मनाने पुढची दहा वर्षे एका दुपारी जगून घेतली. आता सत्ताविसावे चालू होते; चौतिसाव्या वर्षी सदऱ्याची बटणे जड जाऊ लागतील. मग पेला दोन्ही हातांनी धरावा लागेल. आणि पेला धरणारे दुसरे हात कोणाचे असतील, या प्रश्नापाशी येऊन ते मन थबकले. मागे बसवायची मनाई शासनाने एकवीस दिवसांची केली होती. सन्मतीने ती स्वतःशी जन्मभराची करून टाकली. तिला कारण सांगितले तर ती कणवेने थांबेल, आणि कणवेने थांबलेले माणूस त्याला नको होते. सांगितले नाही तर ती रागावून जाईल. रागावून गेलेले माणूस निदान मोकळे तरी असते, असा विचार त्याने केला आणि त्या विचाराला त्याग समजून तो त्याच्या उबेला बसला.

फाट्यावरून तिला न घेता पुढे निघून जाणे त्याच्याने होईना. म्हणून दुसऱ्या दिवशी तो शटलने निघाला.

पण शटलही रेंदाळच्या फाट्यावर थांबतेच. दार उघडले, प्रणोती आत आली, तिने त्याला पाहिले आणि नेमकी त्याच्या समोरच्या आसनावर बसली. मांडीवर तिने हेल्मेट ठेवले. गाडी बिघडली का, असे तिने विचारले. तो हो म्हणाला. दुरुस्तीला किती दिवस, असे विचारले. तो बघू म्हणाला. पुढची पंचवीस मिनिटे त्याने खिडकीबाहेर पाहण्यात घालवली. तिसऱ्या दिवशीही ती तिथेच बसली, चौथ्याही. रोज तिच्या मांडीवर ते हेल्मेट असे आणि रोज सन्मतीची नजर त्या हेल्मेटपर्यंत जाऊन परत फिरे.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी ती बसता-बसताच बोलली. तिचा आतेभाऊ कुरुंदवाडला खतांच्या दुकानात कामाला होता.

"गाडी बिघडलेली नाही तुमची," ती हळू आवाजात म्हणाली. "दारात उभी आहे. आमच्या दादानं काल तुमच्या आईला ती पुसताना बघितलं."

शेजारच्या दोन बायकांनी आपसातले बोलणे थांबवले.

"मला न्यायचं जड झालं असेल तर सरळ सांगायचं. मी काही चिकटून बसणारी नव्हे." मग आवाज आणखी खाली घेऊन तिने सांगितले की कंपनीने वसाहतीतच मुलींसाठी हॉस्टेल बांधले आहे, दोनदा तिचे नाव घातले होते आणि दोनदा तिने काढून घेतले. आता शेवटची यादी शनिवारी लागणार होती. "या खेपेला काढायचं काही कारण मला दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का?"

त्याला दिसत होते. त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि हलवताना ती थरथरली का, याकडेच त्याचे सारे लक्ष होते.

इकडे घरात दुसरी तारांबळ चालली होती. तो रोज पावणेसातला घरी येई. तू जेवून घेत जा, असे त्याने आईला परोपरीने विनवले. ती हो म्हणे आणि जेवत नसे. आठ दिवसांत तिच्या गालांची हाडे दिसू लागली. बुधवारी तो आला तेव्हा ती अंधारात ओट्यावर बसली होती आणि शेजारी त्याची मोटारसायकल धुऊन-पुसून लखलखीत उभी होती.

"काय झालंय ते सांग," ती म्हणाली. "गाडीला काही झालेलं न्हाई. म्हणजे तुला झालंय."

बापाच्या माघारी या बाईपासून काही लपवणे त्याला कधी साधले नव्हते. त्याने फोनवरचा मजकूर वाचून दाखवला. मानेत दोष आहे, कंपवाताची सुरुवात असेल, असे चाचरत सांगितले. आईने त्याची हनुवटी धरली, चेहरा दिव्याकडे वळवला आणि बराच वेळ निरखून पाहिले.

"ही मान?" ती म्हणाली. "लग्नाचं नाव काढलं तरी ही मान हलत न्हाई रं."

तो हसला, आणि हसता-हसता त्याचा हुंदका निघाला. आई उठून आत गेली. सूर्य केव्हाच बुडाला होता आणि रात्रीचे पाणीही तिला चालत नव्हते, पण त्याच्यासाठी तिने ते आणले. शुक्रवारी मिरजेला तीही बरोबर येणार, एवढेच तिने ठरवून टाकले.

मिरजेच्या डॉक्टर मुजावर साठीच्या होत्या, बारीक अंगाच्या, आणि बोलताना चष्मा कपाळावर चढवण्याची त्यांना सवय होती. त्यांनी सन्मतीला चालायला लावले, वळायला लावले, बोटावर बोट आपटायला सांगितले. डोळे मिटवून लवंग, साबण, कॉफी यांचे वास ओळखायला दिले, कारण या आजारात वास आधी जातो. शेवटी मानेला यंत्र लावून त्याला एका हलत्या खुर्चीत बसवले. पाऊण तासाने त्या टेबलापाशी येऊन बसल्या आणि हेल्मेटच्या नोंदींचा आलेख पडद्यावर पाहत राहिल्या. सन्मतीने आईचा हात धरला होता, की आईने त्याचा, हे सांगता आले नसते.

"मला काही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण हेल्मेटला सापडतंय, आणि हेल्मेट सहसा चुकत नाही. यंदा त्यानं मला तीन रुग्ण शोधून दिलेत. तिघांनाही काही जाणवत नव्हतं आणि तिघांचंही खरं निघालं." त्यांनी आलेखावर बोट ठेवले. "फक्त एक गंमत आहे. दोष रोज सकाळी सहा चाळीसला सुरू होतो आणि सात पाचला संपतो. त्यानंतर तुमची मान एखाद्या नर्तकासारखी आहे. संध्याकाळीही उत्तम. नकाशावर टाकलं तर तुमचा आजार कुरुंदवाडला सुरू होतो आणि इचलकरंजीच्या नाक्यावर बरा होतो. तीस वर्षांत असा आजार मी पाहिलेला नाही. नाक्यावर काय करता तुम्ही?"

सन्मतीचे कान तापले. नाक्यावर कॅमेरे होते, एवढेच तो कसाबसा म्हणाला.

"कॅमेऱ्यानं कंपवात बरा होतो?"

"तिथं डोक्यावर घालतोय ओ हेल्मेट," आई मध्येच म्हणाली. "तिथंपतूर डोक्यावर कुठं असतंय? हँडलला उलटं अडकवलेलं असतंय. डबा असतोय त्यात."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "डबा."

"गरम डबा. पिशवीत कलंडतोय, आमटी सांडतीय. हेल्मेटात कसा घट्ट बसतोय. मीच ठेवून देते रोज, फडक्यात बांधून." आणि मग आपण काय सांगून बसलो हे तिच्या ध्यानात आले. "थंडी पडली तशी ठेवायला लागले. दिवाळी झाल्यावर. गार होऊ नये म्हणून."

मग डॉक्टर मुजावर उठल्या आणि आजचा डबा आहे का म्हणून विचारले. आईने पिशवीतून दुपारच्या जेवणाचा डबा काढला. मुगाच्या उसळीवर भाकऱ्या रचलेल्या होत्या आणि फडके अजून कोमट होते. डॉक्टरांनी नोंदींसाठी आणवलेले सन्मतीचे हेल्मेट टेबलावर उलटे ठेवले, डबा आत बसवला आणि दोन्ही हातांनी सगळे जरा हलवले. तिघेही पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर हिरवी ओळ उमटली: 'मस्तक आढळले. नोंद सुरू.'

डॉक्टरांनी हेल्मेट आणखी जोरात हलवले. हिरवी ओळ पिवळी झाली, पिवळीची तांबडी झाली.

"भाकरीला मान नसते," डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या. "धक्का बसला तर ती सावरत नाही. बिचाऱ्या हेल्मेटनं रोज पंचवीस मिनिटं मुगाची उसळ तपासली आणि हा माणूस फार आजारी आहे असं प्रामाणिकपणे कळवलं." आणि मग त्यांचा गंभीरपणा टिकला नाही. त्या हसू लागल्या, आई पदर तोंडाशी धरून हसू लागली, आणि सन्मती तर असा हसला की त्याला खुर्चीची पाठ धरावी लागली. बारा दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून पाहिला होता आणि तो कापसाचा निघाला होता.

गेल्या महिन्यात जयसिंगपूरकडचे दोघे असेच सकाळपुरते आजारी म्हणून आले होते, हेही डॉक्टरांना आठवले. त्यांना फोन करून डब्याबद्दल विचारायला हवे, हेल्मेटच्या कंपनीलाही लिहायला हवे, असे त्या पुटपुटल्या. प्रमाणपत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहिले. मात्र ते शासनाच्या नोंदीत चढून मनाई उठायला तीन दिवस लागतील, असे बजावले.

बाहेर बाकावर पन्नाशीचा एक माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. हसण्याचा आवाज ऐकून त्याने आशेने वर पाहिले. सन्मतीचे हसू ओठांवरच विरले. त्या माणसाचा हात हेल्मेटच्या काचेवरून सावकाश फिरत होता. स्थिर होता की नव्हता, हे पाहण्याचे धैर्य सन्मतीला झाले नाही. त्याने नुसता नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर आईने खूप वेळ खिडकीतून पाहिले. मग म्हणाली, "त्या मजकुरात मागं माणूस बसवायला बंदी लिहिली होती. मागं कोण बसतंय तुझ्या?"

आई त्याच्या कानांच्या रंगाकडे पाहून पुन्हा खिडकीकडे वळली. अंकली मागे पडल्यावर तिने एकच गोष्ट विचारली. "सूर्य बुडायच्या आत जेवती का ती?"

शनिवारी सकाळी तो घराच्या दारातूनच हेल्मेट डोक्यावर चढवून निघाला. गल्लीतली माणसे चूळ भरायची थांबली. दूध घालायला आलेल्या शेजाऱ्याने, काय रं, लांबच्या गावाला चाललास का, असे विचारले. त्याने हात केला. हेल्मेटमध्ये जग जरा लहान आणि जवळचे दिसत होते.

रेंदाळच्या फाट्यावर प्रणोती शटलची वाट पाहत उभी होती. काखेत हेल्मेट होते. त्याने गाडी तिच्यापुढे उभी केली, उतरला आणि डोक्यावरचे काढून हातात घेतले. अंगावर कोवळे ऊन होते, लपायला काहीच नव्हते. त्याने सगळे सांगितले. मजकूर, मनाई, गेजमधले दोन सहस्रांश, शटलमधली खोटी उत्तरे, मिरज, डबा. वाक्ये तुटत होती, मध्येच उलटीसुलटी होत होती. पण त्याने डोळे खाली घातले नाहीत. डब्यापाशी आल्यावर प्रणोतीला हसू आवरेना. ती मैलाच्या दगडावर बसली आणि डोळे पुसत हसत राहिली. मग थांबली.

"आणि खरंच निघालं असतं तर?" तिने विचारले.

या प्रश्नाला एक सोयीचे उत्तर होते. त्याने ते दिले नाही.

"तर सांगितलं नसतं," तो म्हणाला.

शटल आली. दार उघडले, ठरलेला वेळ थांबले, मिटले. शटल निघून गेली. प्रणोती दगडावरून उठली नव्हती.

"हे मला चालणार नाही, सन्मती." तिने त्याचे नाव प्रथमच घेतले होते. "बारा दिवस मी ही कवटी काखेत मारून उभी राहते इथं. लोक हसतात. तुमचा आजार तुमचा, कबूल. पण त्यावर मी काय करायचं हे परस्पर तुम्ही ठरवलंत. माझ्या वाटणीचं मोजमाप तुम्ही करायचं नाही. गेज असलं तरी."

"नाही करणार," तो म्हणाला. त्याग म्हणून जे त्याने उराशी धरले होते, ते खरे पाहता एक प्रकारचे पळणे होते, हे त्याला त्या उन्हात स्पष्ट दिसले, आणि दिसल्यावर शरम वाटण्यापेक्षा हलके वाटले.

ती मोटारसायकलकडे गेली. आणखी दोन दिवस तो कोणाला मागे बसवू शकत नव्हता. पण त्याने मागे बसू नये, असे कोणत्याही मजकुरात लिहिलेले नव्हते. गाडीला परवान्याचे हेल्मेट लागे, आणि प्रणोतीचे हेल्मेट तिच्या स्वतःच्या परवान्याशी जोडलेले होते; मालक कोण याची गाडीला चौकशी नसे.

"किल्ली द्या."

"येते तुम्हाला?"

"वडिलांची बुलेट घेऊन साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जात होते मी, दहावीत. बसा गुमान."

तो मागे बसला. हात कुठे ठेवावेत हे न कळून त्याने ते आपल्याच गुडघ्यांवर ठेवले. गाडी निघाली आणि वाऱ्याने दोन्ही बाजूंचा ऊस पाठीमागे फेकायला सुरुवात केली. प्रणोती पुढे पाहत काहीतरी बोलत होती. त्याला अधूनमधून एखादा शब्द ऐकू येई. बाकीचे वाक्य वारा घेऊन जाई.

"काय म्हणालात?" त्याने विचारले.

ती मान जराशी वळवून ओरडली. "म्हटलं, आता कळेल. मला पाच महिने असंच ऐकू यायचं. निम्मं-शिम्मं. मी आपली हं हं म्हणायची."

सन्मती थक्क झाला. पाच महिने, बारा-बारा किलोमीटर, घडी मोडून एकेक गोष्ट त्याने तिच्यापुढे पसरली होती, आणि त्यातले निम्मे या शेतांवर विखरून पडले होते. क्षणभर त्याला त्या वाया गेलेल्या शब्दांचे वाईट वाटले. मग दुसराच विचार आला, आणि तो इतका सुखाचा होता की त्याने डोळे मिटून घेतले: म्हणजे ते सगळे तिला पुन्हा सांगता येईल. काहीच संपलेले नव्हते. तेवढा वेळ होता. चौतिसावे वर्ष होते, पस्तिसावे होते, त्यापुढचीही होती.

"हॉस्टेलच्या यादीतून नाव काढून घ्या," तो म्हणाला.

"काय?"

उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग पुढे चालली होती आणि शेवटच्या ट्रॉलीवर बसलेली दोन माणसे ऊस खात यांच्याकडे पाहत होती. एरवी तेवढ्या नजरेने त्याने मान खाली घातली असती. त्याने श्वास भरून घेतला.

"हॉस्टेलच्या यादीतून नाव काढून घ्या!"

ट्रॉलीवरची माणसे चघळायची थांबली. रस्ता मोकळा असूनही प्रणोतीने ट्रॉल्यांना मागे टाकले नाही. गाडीचा वेग कमी होत गेला, इतका की कानावरचा वारा पूर्ण पडला, आणि चाकांखालच्या पाचोळ्याचा आवाजही ऐकू येऊ लागला. आता कुजबुजले असते तरी तिला कळले असते. तरी तो तिसऱ्यांदा तेच म्हणाला, आणि ओरडूनच म्हणाला.